कूलरचा पंप, 449 रुपये: एका उन्हाळ्यानंतर

पंपाबद्दल आधी सांगतो. पाणी वरपर्यंत चढवतो, घरघर करत नाही, वाळ्याच्या तिन्ही ताट्या नीट भिजतात. माझा राग किमतीच्या स्टिकरवर आहे.

मार्चमध्ये ऑनलाइन घेतला. 'होलसेल भाव, थेट कारखान्यातून', एमआरपी 1,499, आपल्याला 449, म्हणजे 70 टक्के सूट. ऐन नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, बंद पडला. नागपुरात त्या दिवसांत कूलर बंद म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे हाल. काढून पाहिलं, तर वायर पंपात शिरते तिथलं सील तडकलं होतं. पाण्यात बुडालेल्या पंपाला असं होणं जिवावर बेतू शकतं.

वॉरंटी एक वर्षाची, पण कार्ड कोरं, शिक्काच नाही. बिलावर दिल्लीचं नाव, जीएसटी क्रमांकही 07 ने, म्हणजे दिल्लीच्या कोडने, सुरू होणारा. पार्सलवर पाठवणारा मात्र सुरतचा. फोन केला तर उत्तर आलं, "सर, माल आमच्याकडे नसतो, आम्ही ऑर्डर पुढे पाठवतो." यालाच ड्रॉपशिपिंग म्हणतात. विक्रेता माल भरत नाही. आपले पैसे आले की पुरवठादाराकडून परस्पर आपल्या पत्त्यावर माल रवाना करतो, मधला फरक त्याचा. यात बेकायदा काही नाही. पण बिल ज्याच्या नावाचं, जबाबदारीही त्याचीच. 'माल आमचा नाही' हे ऐकून घ्यायचं काही कारण नाही.

तक्रारीसाठी फोटो काढताना खोक्यावरच्या 1,499 च्या स्टिकरची कड सुटलेली दिसली. नखाने ओढली. खाली कारखान्याने छापलेली एमआरपी: 499, सर्व करांसहित. म्हणजे खरी सूट दहा टक्के. छापील एमआरपीवर वाढीव किमतीचं स्टिकर लावायला वैधमापनाच्या, म्हणजे वजनमापं आणि पाकिटावरच्या किमतीच्या, नियमांत परवानगी नाही. किंमत कमी केल्याचं स्टिकर लावता येतं, पण तेही मूळ आकडा न झाकता. मला सगळ्यात जास्त हेच खुपलं. पंप बिघडू शकतो, यंत्र आहे. हे स्टिकर मात्र कुणीतरी हाताने बसवून चिकटवलेलं आहे.

इतवारीत, म्हणजे नागपूरच्या घाऊक बाजारात गेलो. तोच पंप, तेच खोकं, स्टिकर नाही. एक नग 260. होलसेलचं विचारल्यावर दुकानदार म्हणाले, "भाऊ, एका नगाला होलसेल रेट नाही बसत जी. डझनाची पेटी घ्या, 170 लावतो, जीएसटी वेगळा." 18 टक्के धरून नग 200 च्या आसपास पडतो. होलसेल भाव असा असतो: नगांची अट, कर वरून आणि फुटकळ माल परत नाही. एकच नग, घरपोच, परत करायची सोय, या सगळ्यासकट 'होलसेल' असूच शकत नाही. कुरिअर, जाहिरात, परत आलेला माल हे सगळं त्या 449 मध्येच आहे.

इथे मी मत थोडं बदलतोय. आधी पंपाला एकच तारा दिला होता. इतवारीतल्या ओळखीच्या मेकॅनिकने उघडून दाखवलं: मोटर, पंखा, सगळं ठणठणीत, या नगाचं सीलच फक्त कच्चं भरलेलं. त्यामुळे पंपाला तीन तारे. विक्रेत्याचा एकच राहील.

पैसे परत मिळाले, पण 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यावर. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याला 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यावा लागतो. माझ्या तक्रारीत मी हाच नियम लिहिला होता, सोबत दोन्ही किमती दिसणारा फोटो. विक्रेत्याने आधी अर्धे पैसे देऊ केले, मी नाही म्हटलं. नंतर पूर्ण 449 जमा झाले.

घ्यायचाच असेल, तर पैसे भरण्याआधी त्या पानावर विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि माल कुठल्या देशात बनला ते बघा. हे दाखवणं बंधनकारक आहे. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा आणि खोकं उन्हाळा संपेपर्यंत फेकू नका.

आम्ही शेजारच्यांनी मिळून इतवारीतून डझनाची पेटी आणली. वाटणी 201 रुपये नगाला. बिल पक्कं आहे आणि प्रत्येक कार्डावर दुकानाचा शिक्का मारून घेतलाय.