रीडिंग चॅलेंज आणि ऑनलाइन बुक क्लब: दोन वर्षं वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधी कबुली देऊन टाकते. मी रहस्यकथा वाचणारी बाई आहे. खून, चार संशयित, शेवटच्या वीस पानांत उलगडा, मिटलं पुस्तक, घेतला पुढचा खून. वर्षानुवर्षं हेच चाललेलं आणि कोणी विचारलं की मी ऐटीत सांगायचे, मी भरपूर वाचते. मग एकदा मैत्रिणीचं ऐकून स्टोरीग्राफ या वाचनाची नोंद ठेवणाऱ्या ॲपवर अकाउंट काढलं, गुडरीड्स या तसल्याच साइटवरची सगळी जुनी यादी फाइल करून तिकडे टाकली, आणि त्या ॲपने माझ्या वाचनाचा गोल काढून दाखवला. अख्खा गोल एकाच रंगाचा. कडेला एक केसाएवढी रेघ दुसऱ्या रंगाची होती, ती बघितली तर एक प्रवासवर्णन, तेही कोणीतरी भेट दिलेलं. मूडच्या तक्त्यात काय, तर गूढ, तणावपूर्ण, काळोखी. विनोदी शून्य. म्हटलं हे काही बरोबर नाही.

तर हा रिव्ह्यू अशा माणसासाठी आहे ज्याला वाचायचा कंटाळा नाहीये पण एकाच गल्लीत फिरतोय आणि बाहेर पडायचंय. ज्यांना मुळात वाचायची सवय लावायचीये त्यांचं गणित वेगळं, त्यांनी मी ज्याला शिव्या घालणारे ते पण वापरून बघावं, चालेल कदाचित.

पहिलं म्हणजे आकड्याचं चॅलेंज. गुडरीड्सवर हे २०११ पासून आहे, जानेवारीत आकडा टाकायचा, वर्षभर पट्टी भरत जाते, आणि मागे पडलात की तुम्ही इतकी पुस्तकं मागे आहात असं ते शांतपणे सांगतं. मी ६० टाकले. का ६०, माहीत नाही, ५० टाकले असते तर कमीपणा वाटला असता बहुतेक. ऑगस्टपर्यंत मजेत, मग ऑफिसचं काम वाढलं आणि ऑक्टोबरात मी ९ पुस्तकं मागे. त्यानंतर मी जे केलं ते सांगायला लाज वाटते पण रिव्ह्यू आहे तर खरं लिहिते. मी पुस्तकं जाडी बघून निवडायला लागले. कपाटापुढे उभं राहून कणा बघायचा, बारीक असेल तर घ्यायचं. त्यात एक ९६ पानांचा कवितासंग्रह सापडला. डेंटिस्टकडे नंबर यायची वाट बघताना चाळीस मिनिटांत संपवला, तिथेच बसून ॲपवर टिक केली, चार तारे दिले, "छान" एवढा एक शब्द लिहिला आणि आत जाऊन दात काढून आले. त्यातली एक ओळ विचारा मला. एक. नाही सांगता यायची.

६० पूर्ण झाले हां. पट्टी हिरवी झाली, अभिनंदनाचं चित्र पण आलं. आणि गोल? गोल जवळपास तसाच, कारण घाईत असलं की माणूस ओळखीचंच उचलतो, नवीन जॉनरला वेळ लागतो. अनोळखी प्रकाराची पहिली पन्नास पानं तर चिखलातून चालल्यासारखी जातात, कुठे हसायचं कुठे थांबायचं कळत नाही. आकडा मोजणाऱ्याला ते परवडत नाही. यात ॲपचा काही दोष नाही, ते बिचारं मी जे टाकलं ते मोजत होतं.

मग प्रॉम्प्टवाली चॅलेंजं, म्हणजे अटींची यादी मिळते आणि प्रत्येक अटीत बसणारं पुस्तक शोधून वाचायचं. इथे जरा जपून, कारण प्रॉम्प्ट प्रॉम्प्टमध्ये फरक असतो आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं. काही याद्या दिसायला खूप भारी असतात, चाळीस-पन्नास कलमं, शीर्षकात रंगाचं नाव असलेलं पुस्तक, मुखपृष्ठावर प्राणी असलेलं पुस्तक, तुमच्याकडे असून कधीच न वाचलेलं पुस्तक. पॉपशुगर या वेबसाइटचं चॅलेंज या वळणाचं आणि खरंच गंमत येते, यादी घेऊन शोधत बसायला लहान मुलासारखं वाटतं. पण माझ्यासारख्या मुरलेल्या माणसाला हे म्हणजे रानच मोकळं. शीर्षकात रंग? लाल रंगाचा खून आहे ना. मुखपृष्ठावर प्राणी? कावळा बसलाय प्रेताशेजारी. असली चाळीस कलमांची एक यादी मी केली त्यातली एकतीस रहस्यकथांनीच भरली, नियम एकही न मोडता! कलम जर पुस्तकाच्या जातीला हात लावत नसेल तर ते तुम्हाला जागचं हलवत नाही, इतकं साधं आहे.

त्यापेक्षा बुक रायट या पुस्तकांच्या वेबसाइटचं रीड हार्डर चॅलेंज बरं. २०१५ पासून चालू आहे, कलमं चोवीस, म्हणजे महिन्याला दोन, आणि बरीचशी कलमं सरळ प्रकारावर किंवा लेखक कुठला, कोण यावर असतात. तिथे पळवाट काढायला अवघड जातं. मी चोवीसातली पंधरा केली आणि सोडलं, पण त्या पंधरात नाटक होतं, अनुवादित कथा होत्या, विज्ञानावरचं एक पुस्तक होतं जे मी स्वतःहून या जन्मात उचललं नसतं.

सगळ्यात हुशार नियम मात्र मला रेडिटवर मिळाला. तिथल्या फँटसी वाचणाऱ्यांचा एक बिंगो असतो, पाच बाय पाचचं कार्ड, पंचवीस चौकोन, १ एप्रिल ते ३१ मार्च. नियम असा की एका कार्डावर एक लेखक एकदाच. बस. एवढ्यानेच माझी पंचाईत झाली, कारण आपल्याला वाटतं आपण प्रकार वाचतो, प्रत्यक्षात आपण चार-पाच लेखक वाचत असतो. आवडता लेखक पहिल्याच चौकोनात खर्च झाला की उरलेले चोवीस कुठून आणायचे? शोधावंच लागतं. प्रत्येक चौकोनाला हार्ड मोड पण आहे, म्हणजे त्याच अटीची अजून कडक आवृत्ती, मी त्याच्या वाटेला गेले नाही. आता सगळं कार्ड फँटसी-सायफाय-हॉरर या घराण्यातलंच असतं, त्यामुळे यातून चरित्रं वाचून होतील अशी अपेक्षा नको. पण मी ड्रॅगन नि तलवारी एवढंच समजून गेले होते आणि आतमध्ये पत्ररूपातली गोष्ट, लघुकादंबरी, भयकथा असं बरंच काही निघालं. माझे सतरा चौकोन झाले. बिंगो झाला, म्हणजे पाचची एक ओळ जमली, पण कार्ड भरलं नाही.

मध्येच एक सांगते, रीडाथॉन पण करून बघितलं. ड्यूईज ट्वेंटी फोर अवर रीडाथॉन म्हणून आहे, वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबर, सलग चोवीस तास वाचायचं. चौदाव्या तासाला मी तोंडावर पुस्तक घेऊन झोपलेली सापडले. धमाल आहे, पण वेगळं वाचायला त्याचा उपयोग नाही, झोप यायला लागली की माणूस परत खुनाकडेच वळतो.

आता क्लब. खरा मुद्दा इथेच आहे, कारण यादी पुस्तकापर्यंत नेऊन सोडते, पुढे आपण एकटे. ॲन मॉर्गन नावाची एक ब्रिटिश लेखिका आहे, तिने २०१२ मध्ये एका वर्षात १९६ देशांतलं एकेक पुस्तक वाचायचं ठरवलं होतं. यादी करणं सोपं होतं, घोडं अडलं ते पुस्तकं मिळवण्यात, साओ टोमे आणि प्रिन्सिपे या छोट्याशा देशातलं तर इंग्रजीत काही मिळेचना. शेवटी अनोळखी लोकांनी आपणहून वाटून घेऊन तिच्यासाठी एक पोर्तुगीज पुस्तक इंग्रजीत केलं. तिने नेटवर लोकांना विचारलं म्हणून ते झालं, हे मला त्या यादीपेक्षा जास्त भावतं.

माझा पहिला क्लब मात्र फसला. नाव घेत नाही. हजारो मेंबर, दर महिन्याला पोल, आणि पोलमध्ये दर महिन्याला तेच निवडून येणार जे सध्या सगळीकडे गाजतंय. बहुमताने निवडलं की बहुमताला जे आधीच आवडतं तेच मिळतं, त्यात वेगळं काय होणार. कवितेला पोलमध्ये ११ मतं पडलेली आठवतात. वर एका रात्री कोणीतरी ग्रुपवर सरळ खुन्याचं नाव लिहून टाकलं, खाली हसणारे चेहरे, मॉडरेटर झोपलेले. माझी दोनशे दहा पानं झाली होती. त्याच रात्री बाहेर पडले.

दुसरा क्लब नऊ जणांचा. ओळखीतून ओळख असा जमलेला, काहींना मी अजून प्रत्यक्ष भेटलेले नाही. इथे मतदानच नाही. ज्याची पाळी तो पुस्तक ठरवणार, कोणी नाक मुरडायचं नाही, अट एकच की मागच्या सहा महिन्यांत आलेला प्रकार परत नको. पन्नास पानांनंतर सोडायची मुभा आहे, पण सोडलं तरी चर्चेच्या ऑनलाइन कॉलला यायचं आणि का सोडलं ते सांगायचं. हा शेवटचा नियम कोणाच्या डोक्यातून आला माहीत नाही पण त्याला नमस्कार. कारण "बोअर आहे" म्हणून सुटता येत नाही, कुठल्या पानावर कंटाळा आला, त्याआधी काय चाललं होतं, सगळं सांगावं लागतं, आणि ते सांगताना निम्म्या वेळा आपल्यालाच कळतं की पुस्तक बोअर नव्हतं, आपण खुनाची वाट बघत होतो.

एकदा आमच्यातल्या एका काकांची पाळी होती. हे गृहस्थ युद्धाचा इतिहास सोडून काही वाचत नाहीत असा आमचा समज, आणि त्यांनी काढलं ग्राफिक नॉव्हेल. मी मनात म्हटलं चित्रांचं पुस्तक काय वाचायचं, दीड तासात उरकलं आणि कॉलवर निवांत बसले. काकांनी स्क्रीन शेअर करून एक पान लावलं. सहा चौकटी, शब्द एकही नाही. पहिल्या चौकटीत रिकामी खुर्ची आणि खिडकी, शेवटच्या चौकटीत तीच खुर्ची तीच खिडकी. काका म्हणाले, "सांगा, या पानावर किती वेळ गेलाय?" कोणी म्हणालं एक रात्र. मग एकीच्या लक्षात आलं की बाहेरचं झाड तिसऱ्या चौकटीत निष्पर्ण आहे आणि सहाव्यात त्याला पालवी. ते पान मी तीन सेकंदांत उलटलं होतं. मी, जिला पुराव्यातली काडेपेटीची जळकी काडी लगेच दिसते! त्या दिवशी पुस्तक परत पहिल्या पानापासून घेतलं.

स्टोरीग्राफवर बडी रीड म्हणून सोय आहे तीही आम्ही वापरतो. तुम्ही ज्या पानावर कॉमेंट टाकाल तिथपर्यंत समोरचा पोचल्याशिवाय त्याला ती उघडतच नाही, कुलूप दिसतं नुसतं. खुन्याचं नाव फोडणाऱ्यांवर याहून चांगला इलाज मी बघितला नाही. एका विज्ञानकथेत मी सगळ्यांच्या मागे होते, ६२ टक्क्यांवर एकदम चार कुलपं उघडली आणि आत चौघांनीही फक्त "काय!!!" लिहिलेलं, तेव्हा एकटीच मोठ्याने हसले.

तक्रारी आहेतच. एक जण नेमाने न वाचता येतो आणि सगळ्यात जास्त बोलतो. एकजण आहे जी कुठल्याही पुस्तकावरून तिसऱ्या मिनिटाला स्वतःच्या सासूपर्यंत पोचते. ऑडिओबुक म्हणजे वाचलं का नाही यावर एक अख्खा कॉल वाया गेला (माझं मत, वाचलंच, पुढचा विषय घ्या). आणि ॲप कुठलंही घ्या, आपल्या भाषेतली जुनी पुस्तकं शोधायला गेलं की बरेचदा सापडत नाहीत, मग पानं, प्रकाशक, मुखपृष्ठ सगळं स्वतः भरत बसा. मी आता तेही आवडीने करते, पुढच्याला आयतं मिळतं.

ज्यांना ठरवून दिलेलं पुस्तक म्हटलं की शाळा आठवते त्यांच्यासाठी सायलेंट बुक क्लबचा प्रकार आहे, प्रत्येकाने आपापलं काहीही आणायचं, एकत्र बसून गप वाचायचं. मी एकदाच बसले, छान शांत वाटलं, पण मला ढकलणारं कोणीतरी लागतं.

तारे द्यायचे तर आकड्याच्या चॅलेंजला दोन, रंग-प्राणीवाल्या यादीला तीन, रीड हार्डरला साडेतीन, बिंगोला चार, मोठ्या पोलवाल्या क्लबला दीड. आमच्या नऊ जणांना पावणेपाच, आणि पाव तारा देता येतो ही स्टोरीग्राफचीच कृपा. पाव कापलाय तो सासूसाठी. चॅलेंज आणि क्लब यांतलं एकच घ्यायचं असेल तर क्लब घ्या, आणि आत जाण्याआधी पुस्तक कोण ठरवतं एवढं विचारून घ्या.

मागच्या महिन्यात कवितेची पाळी आली. जिने निवडलं तिने नाव टाकलं आणि मी बघतच राहिले, तोच ९६ पानांचा संग्रह. या वेळी रोज दोनच कविता वाचायच्या असं ठरलेलं, आणि कॉलवर प्रत्येकाने एक मोठ्याने म्हणायची. माझ्या वाट्याला आलेली नऊ ओळींची होती. सातव्या ओळीवर माझा आवाज अडकला, दोन मिनिटं म्यूट करून बसावं लागलं, आणि कोणी काही विचारलंही नाही. रात्री ॲपवर नोंद करायला गेले तर ते विचारतं, हे पुस्तक तुम्ही आधी वाचलंय, पुन्हा वाचलं म्हणून टाकू का? खाली जुनी नोंद अजून आहे. चार तारे, छान.