आईच्या दाढेसाठी टी-स्कॅन करून घेतलं, त्याचा अनुभव

दिवाळीआधी आईच्या खालच्या उजव्या दाढेच्या जागी इम्प्लांट (हाडात बसवतात तो कृत्रिम स्क्रू) करून वर कॅप बसवली आणि तेव्हापासून भाकरी चावली की तिच्या बरोबर समोरची वरची दाढ ठणकायची. आधीच्या डॉक्टरांकडे चार वेळा गेलो, दर वेळी दातांवर डाग उठवणारा तोच निळा कागद, "आजी चावा, आता दात इकडे तिकडे सरकवा", डाग गडद दिसेल तिथे थोडं घासायचं आणि म्हणायचं होईल सवय. कसली सवय, आई सगळं डावीकडूनच खायला लागली, शेंगदाणे तर कुटून द्यावे लागायचे.

मग दुसऱ्या क्लिनिकमध्ये टी-स्कॅन केलं, म्हणजे चावताना कुठला दात आधी टेकतो आणि कुठे किती जोर येतो ते बघायची तपासणी. टेकस्कॅन नावाच्या अमेरिकन कंपनीचं मशीन आहे, १९८७ पासूनचं. हातात धरायचं हँडल, त्याला दातांच्या कमानीच्या आकाराची ०.१ मिमीची पातळ पट्टी, पाकीट आमच्यासमोरच फोडलं. ती दातात धरून चावायचं की स्क्रीनवर दाताप्रमाणे रंगीत खांब उभे राहतात, कमी जोर निळा, जास्त जोर लाल, आणि तेच नंतर स्लो करून बघता येतं. आईचं बघितलं तर बाकीचे दात टेकायच्या आधीच इम्प्लांटचा खांब एकटा वर, लालभडक! चावण्याच्या एकूण जोरापैकी उजवीकडे ६३ टक्के, डावीकडे ३७. आईने स्क्रीनवर बोट ठेवलं, "हीच गं ती".

डॉक्टरांनी नीट समजावलं, आपल्या दाताभोवती तंतूंचा पातळ थर असतो त्यामुळे चावताना तो जरासा दबतो, इम्प्लांट हाडात पक्का, तो दबत नाही, म्हणून तो किंचित मागाहून टेकायला हवा. कागदावर कुठे टेकतंय तेवढंच कळतं, आधी कोण आणि किती जोरात ते नाही, डाग गडद म्हणजे जोर जास्त असंही नसतं. हे आधी कोणी सांगितलं असतं तर चार फेऱ्या वाचल्या असत्या!

पण मशीन आहे म्हणजे कागद नको असं नाही, नेमका पॉइंट शोधायला तो लागलाच. आकडे टक्क्यांत येतात, किलोत नाही. पट्टीने आईला दोनदा उमासे आले, आणि फी वेगळी घेतात, आधीच विचारून घ्या. घासलं ते फक्त कॅपवर, हे मला फार आवडलं, कारण खऱ्या दाताचं इनॅमल एकदा गेलं की परत येत नाही. कोणी थेट चांगल्या दाताला ड्रिल लावायला निघालं तर आधी स्क्रीनवर दाखवा म्हणा.

शेवटच्या चाव्याला ५२-४८ आलं. पंधरा दिवसांनी आईने ज्वारीची भाकरी उजवीकडून चावून खाल्ली, मी समोरच बसले होते.