साखरेचे ग्रॅम मोजावेत, की घरात येणारे जिन्नस बदलावेत?

लहानपणीच्या आणि किशोरवयातील आहाराचा पेशींच्या वार्धक्याशी काही संबंध असू शकतो, हे ज्यांना पटलेले आहे त्यांच्यापुढचा पुढचा प्रश्न व्यवहाराचा असतो. साधारणपणे तीन वाटा दिसतात: पूरकांच्या गोळ्या, साखरेची रोजची मोजदाद, आणि काहीही न मोजता घरात येणारे खाण्यापिण्याचे जिन्नसच बदलणे. टेलोमिअर म्हणजे गुणसूत्रांच्या टोकांवरील संरक्षक टोपणे; पेशी विभागत जातात तशी ती आखूड होतात, म्हणून त्यांची लांबी पेशींच्या वार्धक्याची एक खूण मानली जाते. यांतील पहिली वाट मी वाचनानंतर बाजूला ठेवली, तर उरलेल्या दोन्ही आमच्या घरी एकापाठोपाठ एक अमलात आणल्या.

निर्णयाची घाई बालपणातच का करावी, याला एक कारण आहे. प्रौढांच्या पांढऱ्या रक्तपेशींमधील टेलोमिअर वर्षाला साधारण २० ते ३० बेस-जोड्यांनी (डीएनएच्या साखळीतील दुव्यांनी) आखूड होतात. आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांत मात्र हा वेग त्याच्या कितीतरी पट असतो, आणि प्रौढपणी कोणाचे टेलोमिअर इतरांच्या तुलनेत लांब किंवा आखूड राहणार हे पुष्कळ अंशी तेव्हाच ठरून जाते. डीएनएवरील ३५३ ठिकाणांच्या मेथिलेशनवरून (डीएनएला चिकटणाऱ्या रासायनिक खुणांवरून) वय सांगणारे जे घड्याळ संशोधक स्टीव्ह हॉर्व्हाथ यांनी २०१३ मध्ये मांडले, तेही वाढ पूर्ण होईपर्यंत वेगाने आणि नंतर संथ चालते. अर्थात वाढीच्या वयातील हा वेग म्हणजे आजार नव्हे, आणि त्यातला किती भाग आहाराने बदलतो हे सांगणारा मुलांमधील पुरावा प्रौढांच्या मानाने तोकडा आहे.

गोळ्यांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. ‘अँटिऑक्सिडंटमुळे पेशींची झीज थांबते’ हा तर्क कागदावर सुबक दिसतो. परंतु फिनलंडमधील २९ हजारांहून अधिक पुरुष धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बीटा-कॅरोटिन हे अँटिऑक्सिडंट गोळीतून घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी वाढलेले आढळले. त्यावरून मुलांविषयी थेट निष्कर्ष काढता येणार नाही, हे मान्य. पण जे भाजीत चांगले ते गोळीतही चांगलेच, हा भरवसा तेवढ्याने नक्कीच ढिला होतो. लोह, ड जीवनसत्त्व किंवा बी-१२ यांची कमतरता असेल आणि डॉक्टरांनी औषध दिले असेल, तर तो विषयच वेगळा.

मोजदादीच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेली मर्यादा स्पष्ट आहे: मुक्त साखरेतून (म्हणजे पदार्थांत वरून घातलेल्या, तसेच मध व फळांच्या रसातील साखरेतून; अख्ख्या फळातील व दुधातील साखर यात येत नाही) मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, आणि शक्य झाल्यास ५ टक्क्यांहून कमी. दिवसाला २,००० कॅलरी लागणाऱ्या व्यक्तीसाठी याचा अर्थ ५० ग्रॅम, आणि शक्य झाल्यास २५ ग्रॅम. आकडा हाती असला की पालकांना हुरूप येतो, आणि पाकिटांवरील बारीक अक्षरे वाचण्याची सवय लागते, ती पुढेही उपयोगी पडते. ज्यांना शिस्तीची आवड आहे आणि ज्यांची मुले आठ-नऊ वर्षांच्या आतली आहेत, त्यांना ही पद्धत कदाचित चांगली मानवेल.

आमच्याकडे तिचा पाडाव एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीने केला. फोनवरील आहारनोंदीचे जे ॲप आम्ही वापरत होतो ते मुक्त साखर मोजत नव्हते, एकूण साखर मोजत होते. म्हणजे अख्ख्या संत्र्यातील साखर, दुधातील साखर आणि शीतपेयात ओतलेली साखर या तिन्ही त्याच्या लेखी सारख्याच होत्या. माझी किशोरवयीन मुलगी हिशेबाला पक्की आहे. तिने अल्पावधीतच ओळखले की दुपारचे फळ आणि सायंकाळचे दूध टाळले, तर रात्री आवडीचे पेय ‘नियमात बसवून’ घेता येते. मी हरकत घेतली तेव्हा तिने फोन पुढे केला आणि म्हणाली, “बाबा, अजून बारा ग्रॅम बाकी आहेत.” यावर माझ्याजवळ खरोखरच उत्तर नव्हते, कारण नियम मीच घालून दिला होता आणि ती तो काटेकोरपणे पाळत होती. मर्यादा म्हणून दिलेला आकडा तिच्यासाठी हक्काचा कोटा झाला होता. फळांच्या नोंदी वगळून पाहिल्या, तर घरी काढलेल्या रसाचे काय यावर नवा वाद सुरू झाला (शास्त्रानुसार रसातील साखर मुक्त साखरेतच धरतात, हे तिने मला वाचून दाखवले). जेवणाच्या टेबलावर आम्ही जेवणाऐवजी हिशेब तपासू लागलो. किशोरवयात खाण्याकडे केवळ आकडे म्हणून पाहण्याची सवय जडणे धोक्याचे असते, हाही विचार होताच. पण खरे सांगायचे तर त्या भीतीपेक्षा या रोजच्या वकिलीने मला अधिक थकवले.

त्यातच पुराव्याकडे पुन्हा पाहिले, तेव्हा तोही ग्रॅमांच्या बाजूने फारसा उभा राहत नव्हता. अमेरिकेतील ५,३०९ प्रौढांच्या माहितीवर आधारलेल्या २०१४ च्या अभ्यासात साखरयुक्त सोडा पेयांचा संबंध आखूड टेलोमिअरशी आढळला. रोज सुमारे पाव लिटर पेयामागे हा फरक १.९ वर्षांच्या वार्धक्याइतका भरला. फळांच्या शुद्ध रसाबाबत मात्र तसा संबंध दिसला नाही. अभ्यास एकाच वेळच्या नोंदींचा असल्यामुळे कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, तरीही बोट साखरेच्या प्रत्येक कणाकडे नसून विशिष्ट पेयाकडे जाते. त्याच वर्षी ४,६७६ अमेरिकी परिचारिकांच्या अभ्यासात भूमध्यसागरी धाटणीच्या (भाज्या, फळे, कडधान्ये, मासे, ऑलिव्ह तेल यांवर भर देणाऱ्या) आहाराचा संबंध लांब टेलोमिअरशी दिसला, आणि त्या आहारातील एकेक घटक सुटा तपासला तर कोणाचाच संबंध दिसला नाही. गुण ताटाचा होता, वाटीचा नव्हता.

जिन्नस बदलण्याच्या पद्धतीसाठी मला सर्वांत बोलका वाटणारा दाखला ब्रिटनचा आहे, जरी तो टेलोमिअरविषयी नाही. तेथील साखरेचे रेशनिंग सप्टेंबर १९५३ मध्ये उठले. गर्भावस्था आणि पहिली दोन वर्षे रेशनिंगच्या काळात गेलेल्यांना पुढे दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी राहिला, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात दिसते. मोजदाद तेथेही होतीच, पण ती सरकारची. बाळाच्या दृष्टीने घरात साखर कमी होती, एवढेच.

या पद्धतीचे तोटे सांगितले पाहिजेत. प्रगती दाखवणारा कोणताही आकडा मिळत नाही. टेलोमिअरची लांबी घरबसल्या तपासून देणाऱ्या चाचण्यांतूनही तो मिळेल असे मानू नये, कारण मोजमापातील चूकच वर्षभराच्या घटीपेक्षा मोठी असू शकते. घराबाहेर आपली सत्ता चालत नाही. आणि सर्वांत जड किंमत म्हणजे मोठ्यांनाही स्वतःचे लाड सोडावे लागतात. कपाटाच्या वरच्या फळीवर ‘मोठ्यांसाठी’ ठेवलेला डबा या पद्धतीत बसत नाही. मुलांच्या खाण्याच्या सवयींचा अभ्यास करणाऱ्या लीअन बर्च आणि जेनिफर फिशर यांच्या १९९९ च्या प्रयोगांत, समोर दिसणाऱ्या पण मनाई असलेल्या खाऊकडे मुलांचे लक्ष अधिकच वेधले गेले होते. मुळात घरात नसलेल्या पदार्थावर वाद घालायला फारसा वाव उरत नाही, निदान आमच्याकडे तो उरला नाही. फळे आपोआप परतली, कारण भूक लागल्यावर हाताशी तीच होती.

मुलाला पहिल्या प्रकारचा मधुमेह असेल, तर कर्बोदके मोजणे हा उपचाराचाच भाग आहे आणि तेथे माझे म्हणणे लागू होत नाही. इतरांनी दोन्ही पद्धती एकत्र चालवायला हरकत नसावी, फक्त मोजण्याचे काम मोठ्यांनी बाजारात, पाकीट हातात असताना उरकावे. मुलाच्या हाती तो आकडा देऊ नये. पहिला जिन्नस कोणता बदलावा असे विचाराल, तर मी गोड पेये म्हणेन, कारण त्यातल्या त्यात पुरावा तेथे घट्ट आहे आणि त्यांच्या जागी पाणी ठेवायला कोणाला स्वयंपाक शिकावा लागत नाही.