‘शरीराच्या मापाची गादी’ या नावाखाली ४२,७०० रुपये गेले. सांगली-मिरजकरांनी सावध राहावे

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस विश्रामबाग परिसरातील एका मंगल कार्यालयात ‘मोफत मणका तपासणी शिबिर’ भरले होते. आईच्या शरीराच्या मापाने गादी बनवून देतो, असे सांगून तेथे माझ्याकडून आगाऊ १५,००० रुपये, गादी घरी येण्याच्या आदल्या दिवशी २६,५०० रुपये आणि टेम्पोभाडे व बसवणी म्हणून १,२०० रुपये, असे एकूण ४२,७०० रुपये घेण्यात आले. शिबिरातली सवलत, ‘आजच्या पुरता’ दर, ‘शंभर रात्री वापरा, नाही पटली तर पैसे परत’ ही भाषा सर्वांच्या परिचयाची आहे, म्हणून त्यावर शब्द खर्च करत नाही.

शिकल्या-सवरल्या माणसाने एवढी रक्कम दिलीच कशी, असे अनेकांनी तोंडावर विचारले. आमच्या घरातल्या कापसाच्या साऱ्या गाद्या २०१९ च्या महापुरात गेल्या. त्यानंतर घाईने घेतलेली काथ्याची गादी मधोमध बसली होती आणि आई रोज सकाळी कंबर धरून उठत होती. अशा वेळी कोणी नीट माहिती देत असेल, तर माणूस ऐकतोच. शिवाय त्या विक्रेत्याचे बोलणे बरेचसे खरे होते, आणि त्याची सारी लबाडी त्यातच होती. मेमरी फोमचा, म्हणजे अंगाच्या दाबाने व उबेने आकार घेणाऱ्या फोमचा, जन्म १९६६ साली नासासाठी चाललेल्या संशोधनातून झाला, हे खरे आहे. पाठीवर झोपल्यावर ढुंगण आणि पाठीचा वरचा भाग यांवर जास्त भार येतो व कंबरेखाली पोकळी राहते; कुशीवर झोपल्यावर खांदा आणि खुबा रुततात; म्हणून चांगल्या गादीने जड भागाला थोडे आत जाऊ द्यावे आणि कंबरेला खालून आधार द्यावा, हेही खरेच आहे. पाठदुखीला जितकी कडक गादी तितकी चांगली, हा आपल्याकडचा समज चुकीचा असल्याचे त्याने सांगितले. घरी येऊन मी ते पडताळले, तर २००३ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधील ३१३ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता आणि त्यात जुनाट कंबरदुखी असलेल्यांना कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीचा अधिक उपयोग झाला होता. एवढे सगळे बरोबर निघाल्यावर उरलेल्या बोलण्यावर कोणी संशय घेतला असता?

तरीही एक क्षण असा होता की, तो आठवला की आजही अंगाचा तिळपापड होतो. त्यांनी एका पलंगावर काळी पातळ चटई अंथरली होती. तिच्यात दाब मोजणारी यंत्रणा असल्याचे सांगून ते माणसाला झोपवत आणि समोरच्या टॅबवर शरीराचा रंगीत नकाशा दाखवत. आई पाठीवर झोपली, तेव्हा पाठीवर आणि ढुंगणावर लाल ठिपके उमटले. “मावशी, माकडहाडावर किती ताण येतोय बघा,” असे म्हणत त्याने टॅब आमच्याकडे फिरवला. तेवढ्यात कंबर अवघडली म्हणून आई भिंतीकडे तोंड करून कुशीवर वळली. खरा नकाशा असता, तर लाल रंग तत्काळ खांद्यावर आणि खुब्यावर सरकला असता, पाठ कोरी पडली असती. पडद्यावरचा एकही ठिपका हलला नाही. मी विचारलेही. तो क्षणभरही न अडखळता म्हणाला, “सर, माप सेव्ह झालंय, आता हलून काही फरक पडत नाही.” त्यानंतर मी झोपलो. आईचे वजन ४६ किलो, माझे ८२, आणि तरीही माझा नकाशा ठिपक्यागणिक तिच्यासारखाच! मागे रांग होती, आईला बरे वाटेल ही आशा होती, आणि हॉलमध्ये आमच्याच गल्लीतले लोक पैसे भरत होते. ते यंत्र नव्हतेच, आधीच काढून ठेवलेले एक चित्र होते, आणि त्या चित्राच्या जोरावर त्यांनी वृद्ध माणसांच्या दुखण्याचा बाजार मांडला. कोणी अशी चटई दाखवली, तर आधी कुशीवर वळा आणि पडद्याकडे बघा.

ठरलेली गादी सहा बाय पाच फूट, सहा इंच जाडीची होती. वर दोन इंच नैसर्गिक लेटेक्स (रबराच्या झाडाच्या चिकापासून बनवलेला फोम) आणि खाली चार इंच ४० डेन्सिटीचा फोम, असे पावतीवर लिहून दिले होते. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचे किलोमधले वजन, हे गादी घेणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे. त्या हिशेबाने नुसता खालचा थरच ११ किलोंच्या पुढे भरायला हवा होता आणि लेटेक्स त्याहून बरेच जड असल्याने अख्खी गादी वीस किलोंच्या खाली येणे शक्यच नव्हते. महिन्याभरात मध्यभागी खळगा पडला आणि आईची कंबर झोळीत पडल्यासारखी खाली जाऊ लागली. तेव्हा मी गादी रिक्षात घालून मार्केट यार्डात ओळखीच्या हळद व्यापाऱ्याच्या काट्यावर नेली. खोळीसह वजन भरले ११ किलो ४०० ग्रॅम.

खोळीची चेन शिवून बंद केलेली होती, ती उसवली. खरे लेटेक्स सळया असलेल्या साच्यात शिजवतात, म्हणून त्यात एकसारखी, खोलवर गेलेली भोके असतात. आमच्या गादीच्या वरच्या थरालाही भोके होती. आईची विणायची सुई त्यात घातली, तर ती अर्ध्या इंचावर अडली. एकूण एक भोक वरवर टोचलेले. पिवळट रंग दिलेला तो जेमतेम इंचभर साधा फोम होता आणि खाली पांढऱ्या हलक्या फोमचे तीन तुकडे डिंकाने जोडलेले होते. जोड नेमका कंबरेखाली आला होता.

विक्रेत्याचा फोन बंद. पावतीवरच्या पत्त्यावर दुसऱ्याच धंद्याचे दुकान. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो, पावतीवरचा १३ अक्षरांचा निघाला. पैसे देण्याआधी तो जीएसटीच्या पोर्टलवर टाकून पाहायला दोन मिनिटे पुरतात. यूपीआयवर कंपनीऐवजी एखाद्या माणसाचे नाव दिसले, तर तेथेच थांबा. मी विचारले तेव्हा ‘मालकांचे खाते आहे’ असे उत्तर मिळाले होते.

यानंतर जे झाले, त्याचा संताप फसवणुकीपेक्षाही मोठा आहे. एका पोलीस ठाण्यात मला सांगण्यात आले की, गादी मिळाली आहे ना, मग ही दिवाणी बाब आहे. दुसऱ्या ठाण्यात हद्दीचा प्रश्न काढला. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (४) खाली फसवून मालमत्ता घेणे हा सात वर्षांपर्यंत शिक्षेचा दखलपात्र गुन्हा आहे, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असली तरी अशी माहिती नोंदवून घ्यावी लागते. मी ही कलमे लिहून नेली होती, तेव्हा ‘साहेब बंदोबस्ताला आहेत’ असे उत्तर आले. दारात तासन् तास बसलेल्या माझ्या आईला कोणी पाणी विचारले नाही. बँकेने ‘व्यवहार तुम्हीच मंजूर केला’ म्हणून हात झटकले. मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापनाने हॉल भाड्याने घेणाऱ्याचे ओळखपत्रसुद्धा ठेवले नव्हते. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न, ‘तुम्ही नीट बघून का घेतले नाही?’ चोराला हा प्रश्न कोणी विचारत नाही.

शिबिरात रोख देऊ नका. पावतीवर थरांची जाडी, डेन्सिटी आणि गादीचे एकूण वजन लिहून घ्या, वजन लिहायला नकार देणाऱ्याकडून घेऊच नका. चेन उघडता न येणारी खोळ स्वीकारू नका. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. गादी फेकून देऊ नका, तोच पुरावा आहे. याच कायद्याच्या कलम ३५ नुसार, एकाच प्रकारे फसलेल्या अनेक ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. माझ्या तक्रारीचा मसुदा तयार आहे. त्या दिवशी त्या हॉलमध्ये ज्यांनी पैसे भरले, त्यांनी पावती, यूपीआयच्या नोंदी आणि गादीच्या वजनाची चिठ्ठी घेऊन पुढे यावे, म्हणजे आपल्याला एकत्रच अर्ज दाखल करता येईल.