‘आद्दिओ झिओ टॉम’ची 4के डिस्क : काही महिन्यांच्या वापरानंतर

ग्वाल्तिएरो याकोपेत्ती आणि फ्रांको प्रॉस्पेरी या दिग्दर्शकांच्या, अमेरिकेतील गुलामगिरीची दृश्ये वार्तापटासारखी पुन्हा घडवून दाखवणाऱ्या 1971 सालच्या या इटालियन चित्रपटाची बदनामी वाचकांना ठाऊक आहे असे धरून चालतो आणि थेट डिस्कबद्दल लिहितो. चित्रपटाचे नव्याने संस्कार केलेले रूप, लांब इटालियन आणि छोटी इंग्रजी अशा दोन्ही आवृत्त्यांसह, मी परदेशातील एका विक्रेत्याकडून मागवले. 4के डिस्कला प्रदेशाचे बंधन नसते, त्यामुळे ती इथल्या प्लेअरवर चालण्याबद्दल शंका नव्हती. सीमाशुल्क आणि कुरिअरचा आकार मिळून डिस्कच्या निम्म्या किमतीएवढी रक्कम वर मोजावी लागेल, हे मात्र विक्रेत्याने कुठेही लिहिलेले नव्हते.

एवढे पैसे मोजून घेतलेली इटालियन आवृत्तीची डिस्क एका ठरावीक जागी अडकत असे. गुलामांना जहाजाच्या पोटात कोंबून नेण्याचे दृश्य चालू असताना चित्र गोठायचे, आवाज बंद व्हायचा आणि प्लेअर पुन्हा सुरू केल्याशिवाय पुढे जाता येत नसे. या डिस्कमध्ये माहिती एकावर एक थरांत साठवलेली असते आणि एका थरावरून दुसऱ्यावर जाताना किरण अडखळला की असे होते. विक्रेत्याने आधी प्लेअरचे सॉफ्टवेअर अद्ययावत करायला सांगितले, नंतर डिस्क मऊ कापडाने पुसायला सांगितली आणि शेवटी प्लेअरच सदोष असल्याचा निकाल दिला. मित्राच्या दुसऱ्या कंपनीच्या प्लेअरवरही ती त्याच जागी अडकल्याचे कळवल्यावर पुराव्यादाखल चित्रफीत मागण्यात आली, आणि ती एकदा नव्हे, तर प्रत्येक वेळी पत्राला उत्तर देणारा माणूस बदलला की नव्याने.

या चित्रफितींपायी ते गोठलेले दृश्य मी चित्रपटापेक्षाही अधिक वेळ पाहिले आहे. जुन्या डीव्हीडीवर तिथे अंधारात हलणारा अंगांचा एक ढीग दिसत असे. नव्या डिस्कवर ओरखडे आणि धूळ काढलेली असून सावल्यांमधील तपशील उजळले आहेत, त्यामुळे मागच्या रांगांतील माणसेही वेगवेगळी दिसू लागतात. चित्रपट चालू असताना जहाज, गुलाम, 19वे शतक हा सगळा देखावा डोळ्यांवर आदळत राहतो. चित्र थांबले की समोर उरतात ती 1970च्या सुमारास कॅमेऱ्यापुढे निजवलेली हैतीची माणसे.

हा चित्रपट मुख्यतः हैतीत चित्रित झाला. तिथला हुकूमशहा फ्राँस्वा द्युवालिए याने दिग्दर्शकांना पाहुण्यासारखे वागवले. त्यांना राजनैतिक दर्जाच्या मोटारी, देशात कुठेही चित्रीकरण करण्याची मुभा आणि लागतील तेवढी माणसे मिळाली. शेकडो हैतीयन स्त्री-पुरुष आणि मुले त्यात उघडीवाघडी, साखळदंडांत, गुरांसारखी हाकली जाताना दिसतात. ज्या देशाने गुलामांच्या उठावातून 1804 साली स्वातंत्र्य मिळवले, त्याच देशातील लोकांना परक्या कॅमेऱ्यासाठी पुन्हा बेड्या चढवल्या गेल्या. द्युवालिएच्या राज्यात अशा बोलावण्याला कितीजण नाही म्हणू शकत असतील, याचा विचार ज्याचा त्याने करावा. अमेरिकी चित्रपट-समीक्षक रॉजर एबर्ट यांनी 1972 सालीच या मुद्द्यावर चित्रपटाला फाडून काढले होते : गुलामगिरीतले रानटीपण थोड्याशा डॉलरांत खऱ्या माणसांवर पुन्हा घडवून आणले गेले, ही त्यांची तक्रार होती. डीव्हीडीच्या काळात मला ती भावनेच्या भरात केलेली वाटत असे. या डिस्कनंतर तसे वाटत नाही.

दिग्दर्शकांची बाजू अशी की, 1966 सालच्या ‘आफ्रिका आद्दिओ’ या आफ्रिकेवरील त्यांच्या माहितीपटामुळे त्यांच्यावर वंशद्वेषाचा आरोप झाला आणि त्याला उत्तर म्हणून त्यांनी हा चित्रपट केला. त्यात ते हेलिकॉप्टरने थेट यादवीपूर्व अमेरिकेच्या दक्षिणेत उतरतात आणि जणू वार्ताहर असल्यासारखे मालकांशी, व्यापाऱ्यांशी बोलत हिंडतात. युक्ती हुशारीची आहे, मात्र तिच्या आड दडायला त्यांना धूसर, ओरखड्यांचे चित्रच सोयीचे होते.

केवळ तांत्रिकदृष्ट्या पाहिले तर काम उत्तम आहे. रंग भडक केलेले नाहीत, फिल्मचा मूळ कण, म्हणजे चित्रातला बारीक रवाळपणा, घासून काढलेला नाही. रिझ ऑर्तोलानी यांचे संगीत इतके स्वच्छ मी यापूर्वी ऐकले नव्हते. कातिना रानिएरी यांनी गायलेले गाणे 2011 सालच्या ‘ड्राइव्ह’ या चित्रपटामुळे ज्यांना माहीत झाले, त्यांना ते इथे मूळ जागी, कसल्या दृश्यांवर पसरलेले आहे हे पाहून अस्वस्थ व्हायला होईल. संवाद मात्र संगीताच्या मानाने दबलेले आहेत आणि रात्री पाहताना रिमोट हातातून खाली ठेवता येत नाही.

आता आवृत्त्यांबद्दल. सुरुवातीला माझे मत असे होते की, इंग्रजी आवृत्ती म्हणजे किंमत फुगवण्यासाठी घातलेली भर आहे आणि फक्त लांब आवृत्ती स्वस्तात विकायला हवी होती. दोन्ही लागोपाठ पाहिल्यावर ते बदलले. इटालियन आवृत्ती गुलामगिरीची दृश्ये त्या काळातील अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चळवळीशी जोडते. तिच्या शेवटी एक कृष्णवर्णीय माणूस समुद्रकिनाऱ्यावर विल्यम स्टायरन यांची, अमेरिकेतील गुलाम नॅट टर्नरने केलेल्या उठावावरील कादंबरी वाचतो आणि आसपासच्या गोऱ्या कुटुंबांच्या कत्तलीची कल्पना करतो. म्हणजे आधीचे सगळे क्रौर्य गोऱ्या प्रेक्षकाला भीती घालण्याच्या कामी लावले जाते. त्याच सुमारास, 1972 साली, मुंबईत अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेपासून स्फूर्ती घेऊन दलित पँथर उभी राहिली. त्या राजकारणाची थोडीफार ओळख असलेल्या मराठी प्रेक्षकाला ही कत्तल अत्यंत उथळ वाटेल. अमेरिकी वितरकांनी वंशाच्या राजकारणाचा 13 मिनिटांहून अधिक भाग इंग्रजी आवृत्तीतून काढायला लावला, आणि त्यामुळे ती सुसह्य होण्याऐवजी अधिक वाईट झाली, कारण एक वादग्रस्त का होईना, पण युक्तिवाद होता तो आटला आणि छळाची प्रदर्शनी तेवढी ठळक उरली. एबर्ट यांच्यासारखे अमेरिकी समीक्षक का खवळले, हे समजून घ्यायचे तर हीच आवृत्ती पाहावी लागते, म्हणून तिचे डिस्कवर असणे योग्यच आहे.

अखेरीस बदली डिस्क आली आणि ती न अडकता चालते, पण सदोष डिस्क परत पाठवण्याचा टपालखर्च विक्रेत्याने अजून दिलेला नाही आणि देईल असे दिसत नाही. घेणाऱ्यांनी डिस्क हाती पडताच, परतीची मुदत संपण्यापूर्वी, दोन्ही आवृत्त्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा चालवून पाहाव्यात. केवळ संगीतासाठी घेऊ नये, त्यासाठी ध्वनिमुद्रिका पुरेशी आहे. चित्रपटाच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या दोघा-तिघांनी मिळून एक संच मागवला तर सीमाशुल्क तरी वाटले जाईल. घरात लहान मुले असतील तर संच कुलपात ठेवावा; वेष्टनावरील चित्रांवरूनही बरेच प्रश्न विचारले जातात.