अक्षरं सगळी आली, तारखा मात्र नाहीत: अकरा महिन्यांचा अनुभव

जुन्या फॉन्टातला मजकूर बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरची पुढच्या वर्षाची वर्गणी मागणारा मेसेज आलाय, म्हणून लिहितोय. आम्हा देवगडकडच्या आंबा बागायतदारांची १९९९ ते २०१० मधली प्रश्नोत्तरं छपाईसाठी वापरायच्या जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये पडून होती. ती युनिकोडमध्ये, म्हणजे आज फोन-संगणकावर सगळीकडे वाचता येणाऱ्या अक्षरांत आणून नव्या जागी चढवायला हे सॉफ्टवेअर घेतलं.

अक्षरांवर मी खूश होतो, आजही आहे. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर लागते. ते जमलं. आधीच्या फुकटच्या कन्व्हर्टरने 'वाऱ्याने मोहोर झडला'चं 'वार्याने' केलं होतं. 'दऱ्या'चा 'दर्या' झाला तर आमच्याकडे डोंगरातला माणूस समुद्रात जातो! इथे ऱ्य एकदाही चुकला नाही. मी चार जणांना घ्या म्हणून सांगितलंसुद्धा.

जानेवारीत मोहोरावर तुडतुडे आले आणि एन्डोसल्फान हे कीटकनाशक कुठे मिळेल विचारायला एका तरुण बागायतदाराचा फोन आला. "काकानू, ह्या एन्डोसल्फान खंय गावतला?"

"कोणी सांगितलं तुला?"

"तुमच्याच उत्तरात आसा. तारीख गेल्या जूनची."

उघडून बघितलं. उत्तर २००४ चं. सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०११ रोजी एन्डोसल्फानचं उत्पादन, विक्री आणि वापर थांबवला, त्याच्या सात वर्षं आधीचं. वर तारीख मात्र आम्ही फाइल चढवली त्या दिवसाची. माझ्या हातापायातलं बळच गेलं.

कंपनीला तीन फोन केले. तिन्ही वेळा एकच उत्तर, "मजकूर सगळा आलाय ना सर?" शेवटी मूळ फाइल काढली. रकान्यात '१२/०१/०४'. दोन आकडी साल सॉफ्टवेअरला उमगलं नाही, म्हणून फाइल चढवली त्या दिवसाची तारीख ठोकून दिली. तोवर सगळा दोष मी त्यांनाच देत होतो. साल अर्धं लिहिलं ही आमची चूक, कबूल. पण कळलं नाही तर रकाना रिकामा सोडा ना! रिकामा रकाना बघून त्या पोराने आधी साल विचारलं असतं.

सालं पूर्ण करून फाइल पुन्हा चढवायची तर पुन्हा पैसे मागितले. दिले नाहीत. आता रात्री जेवणं झाली की मी आणि सूनबाई हाताने तारखा घालतो. औषधाचं नाव असलेली उत्तरं आधी घेतली. एन्डोसल्फान दिसलं की वर ठळक ओळ, 'जुनं उत्तर, साल अमुक, हे औषध बंद आहे'.

वर्गणी भरलेली नाही. न कळलेली तारीख रिकामी ठेवायची सोय करा, त्या दिवशी भरतो.