विंडोज एक्सपीची सर्व्हिसेस खिडकी: बावीस वर्षं वापरल्यावर

मिरजेत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, मुंजीची कार्डं, मधूनच ग्रामपंचायतीचे अर्ज. कोपऱ्यातल्या टेबलावर 2003 च्या पाडव्याला घेतलेलं पेंटियम फोर आहे, त्यावर विंडोज एक्सपी, सर्व्हिस पॅक तीन. "हे अजून चालतं?" असं प्रत्येक गिऱ्हाईक विचारतंच. चालतं, कारण माझ्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं डोंगल, म्हणजे जे लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडतच नाही ती किल्ली, जुन्या पॅरलल पोर्टला लागतं, आणि हल्लीच्या मशिनला ते पोर्ट नसतं. वीस वर्षांच्या पत्रिका त्याच फॉन्टात आहेत. थोरलीच्या लग्नाची पत्रिका नेलेलं घर धाकटीच्या वेळी येतं आणि म्हणतं, "ताई, तशीच करा, फक्त नावं बदला." म्हणून ते मशीन जिवंत ठेवायचं, आणि जिवंत ठेवायचं तर या खिडकीशी जुळवून घ्यायचं.

स्टार्ट, मग रन, मग 'सर्व्हिसेस डॉट एमएससी' टाइप करून एंटर. समोर लांबलचक यादी येते. पडद्यामागे काय काय राबतंय, त्याची ही हजेरीवही. प्रत्येक नावापुढे ती आत्ता चालू आहे का आणि सुरुवातीला कशी उठते, ते लिहिलेलं असतं: ऑटोमॅटिक, मॅन्युअल किंवा डिसेबल्ड. डबल क्लिक केलं की बदलता येतं. दिसायला इतकं सोपं आहे, आणि तिथेच माणूस फसतो.

मी फसले त्याची गोष्ट. मशीन सुरू व्हायला वेळ लागायचा. भाच्याने कुठूनशी एक यादी छापून आणली, 'या सर्व्हिस बंद करा, कॉम्प्युटर पळायला लागेल'. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, दोघांनी बसून पंधरा-सोळा नावं डिसेबल करून टाकली. थीम्स बंद केल्यावर एक्सपीचा निळा-हिरवा साज उतरून जुना करडा चेहरा आला. तो मला आवडलाच, आजही तसाच ठेवलाय. शेल हार्डवेअर डिटेक्शन बंद केलं, तर पेन ड्राइव्ह लावल्यावर आपोआप उघडणारी खिडकी गेली. तेही बरंच झालं, गिऱ्हाइकांच्या पेन ड्राइव्हमधून काय काय यायचं ते डीटीपीवाल्यांना सांगायला नको.

पण त्या यादीत 'सर्व्हर' असंही एक नाव होतं. भाचा म्हणाला, "मावशी, आपण कुठे सर्व्हर चालवतो? कर बंद." केलं. संध्याकाळी शेजारच्या टेबलावरच्या मशिनवरून प्रिंट जाईना. त्या मशिनला आमचा प्रिंटर या एक्सपीवरून शेअर केलेला होता, आणि फाइल व प्रिंटरचं शेअरिंग नेमकी ही 'सर्व्हर' सर्व्हिसच करते. केबल बदलली, प्रिंटर पुन्हा टाकला, रात्री साडेनऊपर्यंत डोकं आपटलं. बंद करताना खिडकीने विचारलं होतं, हिच्याबरोबर कॉम्प्युटर ब्राउझर ही सर्व्हिसही थांबेल, चालेल का? आम्ही न वाचता 'यस' दाबलं होतं. चूक आमचीच. तरी खिडकीवर एक राग आहेच. 'मागच्यासारखं कर' असं बटण तिथे नाही. कालपर्यंत काय कसं होतं, याची तिला आठवण नसते.

त्यानंतर मी एक वही घातली. तारीख, सर्व्हिसचं नाव, आधी काय होतं, आता काय केलं. वर टूलबारवर 'एक्स्पोर्ट लिस्ट' म्हणून बटण आहे, त्याने अख्खी यादी टेक्स्ट फाइलमध्ये उतरते. हात लावण्याआधी ती काढून ठेवायची. हे बटण मला सहा वर्षांनी दिसलं, कारण ते बोट दाखवून सांगणारं कोणी नव्हतं.

आता वेगाचं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मी मोजलंय: सगळी छाटणी करून मशीन साधारण अर्ध्या मिनिटाने लवकर उठायला लागलं. मग 256 एमबीच्या जोडीला 512 ची रॅम टाकली, तेव्हा जो फरक पडला त्यापुढे ही छाटणी काहीच नाही. रिकामी बसलेली सर्व्हिस तशी फार खात नाही. तेव्हा 'बंद करा आणि पळवा' म्हणणाऱ्या याद्यांवर माझा विश्वास उरलेला नाही. शंका असेल तिथे डिसेबल्ड न करता मॅन्युअल ठेवते. गरज पडली तर कोणी तरी हाक मारून उठवतं. डिसेबल्ड म्हणजे दाराला बाहेरून कडी, मग आतून कितीही हाका मारा.

गुणधर्मांच्या खिडकीतला 'रिकव्हरी' हा टॅब फारसं कोणी उघडत नाही, पण मला तोच सगळ्यात शहाणा वाटतो. सर्व्हिस कोसळली तर पहिल्या वेळी काय करायचं, दुसऱ्या वेळी काय, ते तिथे ठरतं: काही नाही, सर्व्हिस पुन्हा सुरू करा, एखादा प्रोग्रॅम चालवा, किंवा कॉम्प्युटरच रीस्टार्ट करा. आरपीसी, म्हणजे रिमोट प्रोसीजर कॉल, ही प्रोग्रॅमांना एकमेकांकडून कामं करून घेऊ देणारी सर्व्हिस; हिच्यापुढे शेवटचा पर्याय आहे. हे वाचल्यावर मला ऑगस्ट 2003 आठवला. ब्लास्टर व्हायरस आला होता. डायल-अप जोडलं की थोड्या वेळात पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची आणि मशीन बंद पडायचं. श्रावणातली कामं, आणि दर वेळी सेव्ह न केलेली पत्रिका गेली. तो व्हायरस आरपीसीतल्या भोकातून शिरायचा, सर्व्हिस कोसळायची, आणि या टॅबमधल्या हुकमाप्रमाणे विंडोज स्वतःला रीस्टार्ट करायचं. रनमध्ये 'शटडाउन', जागा सोडून 'डॅश ए' लिहिलं की मोजणी थांबते, हे मला तेव्हा माहीत असतं तर!

8 एप्रिल 2014 ला एक्सपीचा सपोर्ट संपला, त्या आठवड्यात मी या मशिनची इंटरनेटची वायर काढली ती काढलीच. त्यामुळे ऑटोमॅटिक अपडेट्स, एरर रिपोर्टिंग, रिमोट रजिस्ट्री हे सगळं बिनधास्त बंद आहे. तुमचं एक्सपी नेटवर असेल, तर सर्व्हिस कुठल्या बंद कराव्या हा तुमचा पहिला प्रश्न नव्हे.

मार्क द्यायचे तर पाचात साडेतीन. अर्धा वर्णनांमुळे कापला. निम्म्या सर्व्हिसच्या वर्णनात शेवटी तेच वाक्य, की ही डिसेबल केली तर हिच्यावर अवलंबून असलेल्या सुरू होणार नाहीत. कोण अवलंबून आहे ते बघायला डिपेंडन्सीज टॅब उघडा. एक मार्क त्या नसलेल्या 'मागे जा' बटणाचा. बाकी, विंडोज 11 च्या नव्या लॅपटॉपवरही खिडकी जवळजवळ हीच आहे, माझा हात आपोआप चालतो.

आणि खरं सांगायचं तर, मला तिचा सर्वाधिक उपयोग काही बंद करायला झालेलाच नाही. ऐन सराईत प्रिंट अडकते, डिलीट केली तरी 'डिलीटिंग' म्हणत तशीच बसते. तेव्हा प्रिंट स्पूलर, म्हणजे छापायची कामं रांगेत लावणारी सर्व्हिस, थांबवायचा, सिस्टम 32 मधल्या स्पूल फोल्डरात प्रिंटर्स नावाचा फोल्डर आहे तो रिकामा करायचा, स्पूलर पुन्हा सुरू करायचा. मिनिटभरात कागद हलतो. भाच्याने या तिन्ही कामांची एक बॅच फाइल करून डेस्कटॉपवर ठेवलीये, नाव 'झाडू'. कामाला असलेल्या मुलीला सर्व्हिस म्हणजे काय ते अजून ठाऊक नाही, पण प्रिंटर अडला की तिथूनच ओरडते, "काकू, झाडू मारू का?"